गोरखचा शेवटचा राऊंड आणि भिंतीकडेची तिघं

शिनोलीच्या गोरखला मान वर करून बोलताना अख्ख्या गावात कुणी पाहिलेलं नाही. गावातली माणसं तो तोंडापेक्षा चपलेवरून लवकर ओळखतो. वडील सावळाराम शेतकरी, पण शिस्त अशी की हेडमास्तरांनी हात टेकावेत. मोठ्यांपुढं नजर खाली ठेवायची आणि उत्तर पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही त्यांची शिकवण. पोरगं अवसरीच्या कॉलेजातून इंजिनियर झालं, पण मान होती तिथंच राहिली.

वर्षभरात सहा सॉफ्टवेअर कंपन्यांनी नको म्हटल्यावर सातवीनं त्याला शेवटच्या राऊंडपर्यंत आणलं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर, सकाळी अकराला. दहालाच ठमाबाई आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून हजर. पाठोपाठ शेजारचे गेणभाऊ, इस्त्रीची टोपी घालून.

"आत्या, एकट्यानंच बसायचं असतं," गोरख पुटपुटला.

"बस की एकटा. आमी कुठं बोलणारंय? पर पोराला बघायला माणसं येत्यात अन् घरचं कुणी नाय, बरं दिसतं का ते?"

सावळारामांनी भिंतीकडेला सतरंजी अंथरली आणि तिघं ओळीनं बसले. बापाला बाहेर जा कसं म्हणणार? गोरख बसला कॅमेऱ्यासमोर.

स्क्रीनवर कंपनीच्या मॅडम आल्या. बाई बोलायला मऊ. म्हणाल्या, एका यादीत दोनदा आलेली नावं शोधणारा कोड लिहा. आणि लिहिताना मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोला. चुकलं तरी चालेल, मला विचार ऐकायचाय.

अर्धामुर्धा विचार मोठ्यानं, आणि पाठीशी बाप? चार मिनिटं गोरख खाली बघत गप्प राहिला. मग एका दमात कोड लिहिला. बिनचूक.

मॅडमना नेमकं तेच खटकलं, बाजूनं कुणी उत्तर पुरवतंय की काय? "गोरख, खाली काय बघताय? खोलीत कुणी आहे का?"

गोरखची मान आणखी खाली गेली.

"लॅपटॉप जरा फिरवून दाखवा."

त्यानं फिरवला. भिंतीकडेला तिघं, हूं नाही की चूं नाही. गेणभाऊंच्या हातात मोबाईल, भाच्याला पाठवायला शूटिंग चाललेलं. सावळारामांनी हात जोडले. ठमाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नमस्कार बाई. पोरगं लई गुणाचं हाय. सदा खाली मान."

ह्यांना कोड कशाशी खातात ते ठाऊक नाही, एवढं एक वाक्य बोलला असता तर गोरख कदाचित वाचला असता. पण बापाच्या तोंडावर बापाला अडाणी म्हणायचं? कळवू, म्हणत मॅडम गेल्या.

"घर बघायला मागितलं म्हंजे पसंत हाय," गेणभाऊंनी निकाल दिला. "नापसंत असंल तर च्या पिऊन उठत्यात, राव."

ठमाबाईंनी गोरखच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. चहाला उकळी फुटायच्या आत गोरखचा मोबाईल वाजला. नकाराचा मेल दोन ओळींचा. त्यानं तो वाचला आणि साखर तोंडात टाकली.

"काय रं, कधी बोलवलंय?" सावळारामांनी विचारलं.

गोरख वडिलांच्या पायांकडे बघत राहिला. उत्तर तर पक्कं होतं, तोंड उघडेना.