मर्विन क्रोझिअरने हात वर केला

किल्टारच्या वळणावर पिवळी जाकिटं घातलेली तीन माणसं रस्ता मोजत होती. मर्विनने गाडी थांबवली, पण स्टिअरिंगवरचे हात काही सुटेनात.

शेजारी बसलेल्या हेझलच्या मांडीवर चर्चच्या विक्रीसाठी केलेल्या खोबऱ्याच्या वड्यांचा ट्रे होता. ती म्हणाली, "अरे, झालं काय? पांढराफटक पडलायस."

"नाका बांधतायत."

"कसला नाका? पाइपवाले असतील."

होते पाइपवालेच. खाली उतरून तिने विचारूनही घेतलं. तरीही मर्विन लांबच्या रस्त्याने गेला.

तो २०१९ सालचा एप्रिल होता. ब्रिटिशांची युरोपीय संघातून बाहेर पडायची ठरलेली तारीख उलटून गेली होती, नवी तारीख कोणालाच धड सांगता येत नव्हती. फर्मॅनामधल्या त्या गावापासून आयरिश प्रजासत्ताकाची सरहद्द अर्ध्या मैलावर. ती कुठे लागते आणि कुठे संपते हे शांततेच्या वीस वर्षांत लोक विसरूनही गेले होते. आता पुन्हा जो तो तेच बोलत होता.

मर्विन सदुसष्ट वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी तो त्याच वळणावरच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून लागला. त्याच्या वरचा अधिकारी नोएल ट्रॉटर चाळिशीचा, एकटा, डाव्या कानाने बहिरा. त्यानेच मर्विनला फॉर्म भरायला शिकवलं, गुरं लपवून नेणाऱ्यांशी हसून कसं बोलायचं तेही शिकवलं. १९७३ च्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजता, सरहद्दच मान्य नसलेली, तोंडं झाकलेली दोन माणसं आत आली आणि त्यांनी टेबलावर एक पेटी ठेवली. "तीन मिनिटं आहेत," त्यातला एक म्हणाला. आवाज तरुण होता, थरथरत होता. मर्विन पळत सुटला आणि रस्त्याकडेच्या चरात पालथा पडला. स्फोट झाला तेव्हा नोएल मागच्या खोलीत कप विसळत होता.

"मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही," असं मर्विनने चौकशीत सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. नोएलची बहीण ऑलिव्ह हिनेही. तेव्हापासून दर नाताळला ती त्याच्या घरी केक पाठवायची.

तो ओरडला नव्हता. तोंडातून आवाजच फुटला नव्हता. ही गोष्ट त्याने हेझललाही सांगितली नव्हती.

२०१६ च्या सार्वमतात त्याने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. चुलतभाऊ वेस्ली आणि लॉजमधली, म्हणजे प्रोटेस्टंट संघटनेच्या शाखेतली, बहुतेक मंडळी त्याच बाजूची. ब्रसेल्सच्या साहेबांनी आमच्या गाईंच्या कानात कोणता बिल्ला अडकवायचा ते ठरवू नये, एवढाच त्याचा विचार. बाहेर पडलं की सरहद्दीच्या रस्त्यावर पुन्हा नाका येईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता मात्र त्या रस्त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. गाडीचं दार आपटलं तरी तो दचकायचा. अनोळखी गाडी दिसली की नंबर पाठ करायचा. जेवायला भिंतीला पाठ लावून बसायचा.

त्याच आठवड्यात गुरांच्या बाजारातल्या हॉलमध्ये शेतकऱ्यांची सभा भरली. विषय एकच होता: लोकांना पुन्हा विचारावं का?

वेस्ली उठला. "एकदा विचारलं, आम्ही सांगितलं. आता काय, हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार?" टाळ्या पडल्या.

पॅकी ड्रमची अर्धी शेती सरहद्दीपलीकडे होती. तो बसूनच म्हणाला, "वेस्ली, तुझा बैल आठवड्यातून तीनदा माझ्या देशात येतो. त्याला तरी विचारलंस का?" हॉल हसला. वेस्लीही ओशाळून हसला.

हसू ओसरलं तेव्हा मर्विनचा हात वर होता. आपण तो कधी उचलला ते त्याला कळलंच नाही. तो उभा राहिला.

"मी बाहेर पडायला मत दिलं," तो म्हणाला. "ते मला परत घ्यायचंय. पुन्हा विचारा."

"घाबरलास काय रे?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"हो. घाबरलोय. तुमच्यातल्या निम्म्यांनी ते दिवस पाहिले नाहीत. नाका आला की त्याच्यामागून पेटी येते. मी पाहिलीय. मी पळालो. नोएल आत होता... मी ओरडलो नाही. सगळ्यांना सांगितलं, ओरडलो म्हणून. नाही ओरडलो."

दुसऱ्या रांगेत ऐंशी पार केलेली ऑलिव्ह ट्रॉटर बसली होती. तिने पर्स उचलली, काठी घेतली आणि कोणाकडेही न बघता ती निघून गेली. दारापर्यंत तिच्या काठीचा आवाज येत राहिला.

पुढचे चार दिवस मर्विनने घराचे पडदे उघडले नाहीत. वेस्लीचा फोन आला नाही. फाटकाला कोणीतरी 'पळपुटा' असं लिहिलेला पुठ्ठा बांधला. तो हेझलने काढून चुलीत घातला. पाचव्या दिवशी दुपारी दार वाजलं आणि मर्विन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

ऑलिव्ह आली होती. तिने कोट काढला नाही, चहाही घेतला नाही.

"तू ओरडला असतास तर तो वाचला असता का, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे माफी मागू नकोस, मर्विन. मला ती देता येणार नाही."

"नाही मागत, मिस ट्रॉटर."

"मीही बाहेर पडायलाच मत दिलं होतं. पुन्हा विचारावं म्हणून अर्ज फिरतोय ना, त्यावर काल सही केली. तेवढं सांगायला आले."

हेझलने तिला गाडीपर्यंत सोडलं.

त्या वर्षी नाताळचा केक आला नाही. लोकांना पुन्हा कोणी विचारलंही नाही. जानेवारीच्या शेवटी देश बाहेर पडला. किल्टारच्या रस्त्यावर नाका आला नाही. पुढे देशाच्याच दुसऱ्या भागातून येणाऱ्या मालाची तपासणी समुद्राकाठच्या बंदरांवर सुरू झाली, आणि आता वेस्ली त्यावरून शिव्या घालत फिरू लागला. एकदा बाजारात त्याने मर्विनला स्वतःहून हाक मारली, पण हवापाण्याचंच बोलला.

मर्विनची भीती काही गेली नाही. झोपेत तो अजूनही तोंड उघडतो, पण आवाज फुटत नाही. पूर्वी हेझल विचारायची, काय झालं, आणि तो म्हणायचा, काही नाही. आता ती विचारत नाही. उशी सरळ करते, पाठीवर हात ठेवते, आणि तो पुन्हा झोपेपर्यंत जागी राहते.