गाडीचा नवस

आमच्या शेलूबाजारकडे ओळखीचा माणूस पायी जाताना दिसला आणि आपण गाडी थांबवली नाही, तर लोक नावं ठेवतात. या माणुसकीनंच माझा पाय घालवला असता.

चार पावलं चाललो की पोटरी आवळून यायची. वाशीमच्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं, पायाच्या रक्तवाहिन्या कडक आणि आतून चिंचोळ्या झाल्यात. तंबाखू सोडा, गोळ्या चुकवू नका आणि रोज चाला. दुखलं की थांबा, दुखणं ओसरलं की पुन्हा चाला. ऐकलं नाही तर पुढे पाय वाचवणं कठीण जाईल, हेही स्पष्टच सांगितलं. मी हादरलो.

कुरकुरत का होईना, तंबाखू सुटली. चालणं मात्र जमेना. शेताच्या वाटेवर मी पोटरी धरून थांबलो रे थांबलो, की कोणाची तरी मोटारसायकल उभी. "पायी काहून चालून राह्यले काकाजी? बसा!" नाही म्हटलं तर समोरच्याला राग येई, आणि खरं सांगायचं तर मलाही बसायला बरं वाटे.

मग एका दिवसापासून गाड्या थांबेनाशाच झाल्या. एक जीपवाला तर मला पाहून हात जोडून पुढे गेला. चौकशी केली तेव्हा कळलं, बायकोनं गावभर सांगितलं होतं, "त्यायचा नवस हाय, गाडीवर बसत नाही." नवसापुढे कोण बोलणार? एकानं शंका काढली, मग पायात चप्पल कशी? "नवस गाडीचा हाय, चपलेचा नाही," म्हणून हिनं त्याला गप्प केलं. तिच्या या थापेवर मी पोट धरून हसलो आणि झक मारत चालू लागलो.

काही महिन्यांनी एका सकाळी घरून निघालो तो न थांबता थेट शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पोचलो. घरी येऊन तिला म्हटलं, "सांग आता लोकांना, खोटा नवस फिटला म्हणून."

"खोटा कोनं म्हनला?" ती म्हणाली. "मी खरंच नवस बोलली होती. तुमी न थांबता धुऱ्यावर जाल, तवाच च्या पिईन."

ती चहा घेत नाही हे मी रोज पाहत होतो. ॲसिडिटी असेल असं समजून कधी विचारलंसुद्धा नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

त्या दिवशी चहा मी केला. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "साखर टाकाची इसरले तुमी." आणि कप रिकामा करून पुन्हा पुढे केला.