अर्धा सारस

फुलचूरच्या मागच्या गल्लीत जमुना रहांगडालेचं भरतकामाचं मशीन अजून फ्लॉपीवर चालतं. नागपूरचा एक कारखाना बंद झाला, तेव्हा तिनं ते आणलं. सोबत खोक्यासारख्या मॉनिटरचा कॉम्प्युटर आणि मिठाईच्या डब्यात भरलेल्या चाळीसेक फ्लॉप्या. लग्नाचे ब्लाऊज, शाली, साड्यांवरची वेलबुट्टी याच डब्यातून निघते. मुलगी रुची सांगून थकली, "आई, आता पेन ड्राइव्हवाली घे."

"चालून राहिली ना? मंग काऊन बदलू?" जमुनाचं उत्तर ठरलेलं.

काही फ्लॉप्यांवर नावच नव्हतं. दुपारी काम सरलं की जमुना त्यातली एखादी मशीनमध्ये सरकवायची. खर्र-खर्र आवाज व्हायचा, सुई चालू लागायची आणि कुण्या अनोळखी माणसाच्या मनातलं काहीबाही कापडावर हळूहळू वर यायचं. कधी कमळ, कधी नुसती जाळी. अर्धवट झोपेतली ती वेळ तिला फार आवडायची.

गेल्या आश्विनात अशाच एका दुपारी दोन लांब पाय उमटले. मग पोट, मिटलेले पंख. पंखाची कड झाली आणि मशीननं काम संपल्याची शिटी दिली. मान नाही, डोकं नाही. तिनं फ्लॉपी पुन्हा लावली. पुन्हा तिथंच शिटी. म्हणजे करणाऱ्यानंच तिथं हात थांबवला होता.

"सारस आहे हा," संध्याकाळी ती नवऱ्याला, धनेंद्रला म्हणाली. "कोन होता काय मालूम. मधातच उठून गेला असन."

"मंग तूच पुरा कर," धनेंद्र म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला घेऊन त्यानं आपला ऑटो काढला.

तिच्या माहेरच्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, धानावर धुकं बसलं होतं. त्यात सारसाची जोडी उभी होती. एकानं मान खाली नेली, पाण्याला टेकवली आणि इतक्या सावकाश उचलली की जमुनाला आपणच कुठूनतरी वर येतोय असं वाटलं. उन्हं चढेस्तोवर ती बांधावरून हलली नाही.

मग चार दुपारी ती जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली. एकेक टाका माऊसनं ठेवत गेली. डोळे मिटले तरी ती मान दिसायची. पाचव्या दुपारी फ्लॉपी लावली. पाय, पोट, पंख झाले. शिटीची जागा आली आणि सुई न थांबता वर चढत गेली. शेवटी तिनं लाल दोरा ओवला. डोकं उमटेपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला होता.

शेजारच्या सुशिलाबाईनं ते कापड उजेडाकडे धरलं. "पाय नाजूक आहेत. मान जाड झाली वो बाई." मग ते आपल्या खांद्यावर टाकत म्हणाली, "पन मले हाच पायजे, शालीवर."

जमुनानं मान बारीक केली नाही. त्या हिवाळ्यात पाच-सात शालींवर सारस तसाच गेला. बाजारात एखादीच्या पाठीवर तो दिसला की ती पिशवी हातात धरून थोडा वेळ त्याच्या मागं मागं चालत राहायची.