कराचीला जाणारा कापूस

बाबांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते आम्हाला भाजी-पोळीसारखा रोज वाढायचे. ज्या दोन देशांत माल येतो-जातो, ते लढत नाहीत. पांढरकवड्याच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. राजे-महाराजांच्या लढाया शिकवून झाल्या की पोरांना म्हणायचे, "हे सगळे लुटायले गेलते. आता लुटायची गरजच नाई. विकत भेटते ना!"

ती कापसाची फार वाईट वर्षं. भाव पडलेले, बाजार सुना, गावागावातून कोणी ना कोणी जीव दिल्याची बातमी. अशात बाबांच्या शाळासोबत्याला कराचीचं गिऱ्हाईक मिळालं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायचा कारखाना, हायवेला लागून होतं. तिथून रुईच्या गाठी ट्रकनं मुंबई बंदरावर आणि पुढे जहाजानं तिकडे जायच्या. बाबांना तर काय करू अन् काय नको असं झालं. कारण माझा मोठा भाऊ, आमचा दादा, फौजेत होता आणि त्याची चौकी नेमकी त्याच देशाच्या सीमेवर.

"अबे, ज्याच्या गिरण्या तुह्या कापसावर चालते, तो तुह्या पुतण्यावर गोळी कायले झाडन?" बाबा चाचांना विचारायचे.

चाचा हसायचे. "मास्तर, गोळी झाडणारा काही माह्या गिऱ्हाइकाले विचारून झाडत नाई."

"तुले धंदा कळते, इतिहास कळत नाई," म्हणून बाबा विषय संपवायचे.

आईला इतिहासाशी घेणं नव्हतं आणि धंद्याशीही. तिनं आपलंच काढलं. आमच्याकडे हंगामाच्या मुहूर्ताला जिनिंगच्या दारात कापसाच्या पहिल्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची, पूजा होते. बैलांना कुंकू लावतात, नारळ फोडतात. आई कराचीला जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची पूजा करायला लागली. टायरला कुंकू, ताडपत्रीला कुंकू, ड्रायव्हरच्याही कपाळाला. हमाल चिडवायचे, "काकू, तुमचा मुहूर्त संपते कधी?" हसेनात का! ट्रक गेला त्या दिवशी आई पोटभर जेवायची. माल थांबला की तिच्या गळ्याखाली घास उतरत नसे.

मग दादाचा फोन आला. त्याच्या नोकरीची मुदत संपत होती. घरी यावं की वाढवून घ्यावी? चाचांनी जिनिंगवर काम द्यायचं कबूल केलं होतं. आई ओरडलीच, "ये रे बाप्पा, ये! अर्धी खाऊ." बाबांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. "इथं काय ठेवलं आहे? कापसाचे हाल ऐकून राह्यला ना? राह्य तिथंच, पेन्शन वाढन. लढाई-बिढाई होत नाई आता. माह्या डोळ्यासमोर गाठी जाऊन राह्यल्या."

दादा राहिला. बाबांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. मोडला असता तर! सांगताना इथवर आलं की मला अजूनही संताप येतो आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

लढाई झालीच नाही. तेवढं बाबा बरोबर बोलले होते. सीमेवर नेहमीसारखा गोळीबार झाला, पेपरात आतल्या पानावर आला, आणि दादा गेला. त्याच दिवशी चाचांच्या गाठी हायवेला लागल्या होत्या. आईनं स्वतः कुंकू लावलं होतं. बंदरात कोणी जहाज अडवलं नाही. तिकडच्या गिरण्या चालू, इकडचं जिनिंग चालू, बंदुकाही चालू. कोणाचं कोणावाचून अडलं नाही. म्हणे व्यापारानं लढाया संपतात! डोंबल संपतात.

बाबा शाळेत जात राहिले. वर्गात धडा वाचून दाखवायचे, पदरचं एक वाक्य बोलायचे नाहीत.

तेरवी झाल्यावर चाचा आले. खुर्ची दिली तरी उंबऱ्याशी खालीच बसले. जिनिंगच्या गेटवर कराचीचा ट्रक भरून उभा होता. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, हमालांची घरं त्याच मालावर चालत होती. तरी ते म्हणाले, "मास्तर, तू फक्त मान हलव. गाठी उतरवून घेतो. नाई पाठवत त्याइले."

बाबांनी मान हलवावी म्हणून मी आतून तडफडत होते. खरं सांगते, तो सगळा कापूस मला जाळून टाकावासा वाटत होता.

आई आतून आली. "पाठवा, भाऊ," ती म्हणाली.

चाचांना रडू आवरेना. "भाभी, कोणत्या तोंडानं पाठवू?"

"पाठवा म्हणते ना. इतके दिवस ट्रक थांबला की मले भेव वाटे. आता कायचं भेव? तिकडे माहं कोणी राह्यलं नाई."