तीन रिपोर्ट आणि मास्तरांची पाठ

शिंपीमास्तरांच्या आईचा रिपोर्टवर काडीचा विश्वास बसेना. रक्तदाब वाढला म्हणून तपासणी केली, तर पन्नाशीतल्या लेकाच्या किडन्या निम्म्याहून कमी काम करतात म्हणे! "रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार," म्हणत तिने त्याला आणखी दोन लॅबमध्ये फरफटत नेलं. आठवड्यात तीन रिपोर्ट झाले. किडनीच्या कामाचा आकडा तिन्हीकडे शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "आजी, एका आठवड्यातले तीन म्हणजे एकच. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त-लघवी तपासू. तेव्हाही असंच आलं, तर जुनाट आजार म्हणून नोंद करू. तोवर मीठ कमी आणि दुखण्याच्या गोळ्या बंद. किडन्यांची जी ताकद उरलीय, तिच्या मुळावर येतील त्या गोळ्या. घेता का, मास्तर?"

"छे! मी कशाला घेतोय?"

उत्तर जरा जास्तच झटकन आलं. आईच्या मनात पाल चुकचुकली. कटिंगच्या टेबलावर दिवसभर वाकणारा, पूर्वी रोज संध्याकाळी पाठीच्या नावाने कण्हणारा हा माणूस गेलं वर्षभर कण्हत कसा नाही?

दुसऱ्याच दिवशी तो बटणं आणायला बाहेर पडला आणि ती दुकानात शिरली. अस्तराच्या ताग्याखाली गोळ्यांची पाकिटं सापडली. अर्धी रिकामी.

"आई, तू पोलिसात हवी होतीस!" दारातून तो ओरडला.

"आणि तू तुरुंगात. किती घेतोस?"

"रोज दोन. नाहीतर कात्री धरवत नाही गं."

त्याने पाकिटं कचऱ्यात टाकली, डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, पाठीचे व्यायाम शिकून घेतले. तरी आईचा जीव थाऱ्यावर येईना. ती त्याचे खिसे चाचपायची, चालताना कंबरेवर हात जातो का बघायची. जायचा. पाठ दुखतेय म्हणजे गोळी घेतलेली नाही, तेवढंच तिला बरं वाटायचं.

तीन महिन्यांनी आकडा त्रेचाळीस आला. फाइलवर नोंद झाली: जुनाट किडनीविकार, मध्यम, तिसरा टप्पा. आकडा फारसा घसरला नव्हता, म्हणून बाई समाधानी होत्या. आई नव्हती. ती थेट कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली.

"खरं सांग बाबा, माझा मुलगा येतो का दुखण्याच्या गोळ्या न्यायला?"

"आला होता की, मागच्या महिन्यात."

"किती नेल्या?"

"नेल्या कुठे? तिन्ही रिपोर्ट दाखवले आणि म्हणाला, मी कितीही गयावया केली तरी मला देऊ नकोस. आईला पाठवलं, तरी तिलाही नाही."