कप आपलाच!

माझ्या आत्याच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिच्या विरोधकाचा सगळ्यात जोरदार प्रचार मी केला, आणि तोही ट्रेडमार्क कायद्याचा पूर्ण मान राखून.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन तिने अलिबागपर्यंतचे बाजार केले आणि मला शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी! (दुसरा अजून झालेला नाही. माझ्याकडे बघून धाकट्यांनी विचार बदलला असावा.) बी.कॉम. झाल्यावर मी रेवदंड्याला टोप्या, कॉफीचे मग, कीचेन छापायचं दुकान टाकलं. आणि बंदरावर बायकांना मासळी सुकवायला पक्के ओटे हवेत, म्हणून आत्या आयुष्यात पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली. वॉर्ड लहान. चार मतं इकडची तिकडे झाली की ओटे गेले!

त्याच सुमारास क्रिकेटचा विश्वचषक आला आणि त्याच्या मागोमाग बर्फाच्या कारखान्याचे हसनभाई दुकानात आले.

"बेटा, खलाशांना दोनशे टोप्या वाटायच्यात. पुढे वर्ल्ड कप लिही, तो सोन्याचा कप काढ, कप्तानाचा फोटो टाक. मागे माझ्या कारखान्याचं नाव."

मी हात जोडले. अलिबागला ट्रेडमार्क कायद्यावरची एक दिवसाची कार्यशाळा मी नुकतीच केली होती आणि तिथे जे ऐकलं त्याने अजून भारावलेला होतो. "हसनभाई, स्पर्धेच्या नावाला मालक आहे. बोधचिन्हाला आहे. त्या सोन्याच्या कपालासुद्धा आहे. आणि कप्तानाचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही."

"चेहरापण? या अल्ला! मग उरलं काय?"

"खेळाचा आनंद," मी म्हणालो.

"तो टोपीवर छापता येतो?"

तीन दिवस मी डोकं खाजवलं. कुठे तरी दूर देशी बसलेल्या मालकांचे वकील रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर उतरून माझा पत्ता विचारताहेत, असं मला स्वप्न पडायचं. चौथ्या दिवशी आत्याने चहा आणून ठेवला आणि मी उडालोच. कप! साधा कप, खाली बशी. त्याला जगात कोणी मालक नाही! टोपीवर कपबशीचं चित्र, आणि खाली ठसठशीत अक्षरात "कप आपलाच!" स्पर्धेचं नाव नाही, चिन्ह नाही, तरी समजणाऱ्याला समजतं.

"वाह!" हसनभाई खूश. "कोर्टात गेलो तरी जज्जसाहेब चहाच पाजतील!"

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला. "बाला, चिन्हं वाटली. मला कंगवा मिलला!" मी अभिनंदन केलं आणि टोप्या बांधायला लागलो. बाकीच्यांना काय मिळालं, हे विचारायचं सुचलंच नाही. (परीक्षेत विचारतात तेवढंच उत्तर द्यायची सवय!)

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावर मोठा पडदा लावला होता. काय ते दृश्य! जेट्टीवर, होड्यांवर, जाळ्यांच्या ढिगांवर जिकडेतिकडे माझ्याच टोप्या. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात नानांची प्रचारफेरी आली. नाना म्हणजे आत्याचे विरोधक. त्यांचेही डोळे भरून आले. मग मी त्यांच्या हातातला फलक पाहिला. त्यावर कपबशी होती.

"एवरं प्रेम!" नाना एका खलाशाच्या गळ्यात पडले. कोणी तरी विचारलं, "नाना, टोप्या तुमच्या?" नाना छाती फुगवून म्हणाले, "मंग कोनाच्या? आपल्याच!"

आत्या माझ्यामागे येऊन उभी होती. तिने अक्षर लावत लावत वाचलं. "कप... आप... लाच. कोनी छापली रं?"

"मी."

"कोनाच्या सांगन्यावरून?"

"कायद्याच्या. आत्या, स्पर्धेच्या मालकांची नोटीस येऊ नये म्हणून..."

"ते येतील तवा येतील. मतदान चार दिसांवर हाय!"

मी टोप्या परत मागत फिरलो. एकानेही दिली नाही. "ऊन केवरं हाय बघ, शिकलेला ना तू?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निवडणुकीचे अधिकारी आले. आचारसंहितेत टोप्या कोणी वाटल्या? भर नाक्यावर नाना कानाला हात लावून म्हणाले, "साहेब, माजा काईएक संबंध न्हाय! त्या टोप्या मी बगितल्याबी न्हाय!" मी पुढे होऊन हसनभाईंची पावती दाखवली आणि लेखी खुलासा दिला की, सदर कप हा क्रिकेटचा आहे.

साहेबांनी खुलासा वाचला. "मग टोपीवर 'क्रिकेट' का नाही लिहिलं? त्या शब्दाला तर मालक नाही ना?"

तीन दिवस मी जगातले सगळे शब्द तपासले होते. हा एक सोडून!

पण त्यानंतर आत्याने जे केलं, ते कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत. ती दारोदार गेली. "काल नाना म्हनं टोपी माजी, आज म्हनं माजी न्हाय. म्हंजे टोपी घातली कोनी नि कोनाला? काढा ती, नि कंगवा फिरवा!" संध्याकाळपर्यंत अख्खा कोळीवाडा टोपी काढून केसांतून हात फिरवायला लागला. टक्कल पडलेलेसुद्धा! इतक्या वर्षांच्या शिक्षणात एवढं सुटसुटीत वाक्य मला एकदाही जमलं नव्हतं.

आत्या अकरा मतांनी निवडून आली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाना दुकानात आले. मी उठून उभा राहिलो. "नाना, माफ करा. सगळं चुकून झालं."

"बस रं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाच वर्सांनी मी परत उभा र्‍हानार हाय. तवा माजं एक काम कर."

"सांगा ना. टोप्या?"

"न्हाय. तवा तू अगदी मनापासून आत्याचा प्रचार कर. मी निवडून येतो!"