वाल्मीक सरांचा शेरा

वाल्मीक कांबळे सरांच्या पत्नी रमाबाई दिल्लीत सरकारी नोकरीत, त्यामुळे लेक समता सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्येच वाढली. सर मात्र हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले आणि मुदतीआधी निवृत्ती घेऊन २००७ साली एकदाचे बायको-मुलीकडे आले. घरी बसवेना म्हणून गाझियाबादच्या एका नव्या खासगी विद्यापीठात लागले. या विद्यापीठाने आंब्याची अख्खी बाग तोडून इमारती बांधल्या आणि फाटकावर ‘हरित परिसर’ अशी पाटी ठोकली. मग पर्यावरण शिकवायला माणूस हवाच की! मी तिथेच ग्रंथालयात होते.

सरांची हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटाला ‘है’. मी हसायचे, तेही हसायचे.

शिकवण्याची तऱ्हा मात्र त्यांचीच. प्रत्येक विद्यार्थ्याला एक रोप आणि एक वही. डाव्या पानावर रोपाचं कसं चाललंय ते लिहायचं, उजव्या पानावर स्वतःचं. “अरुणाताई, जो स्वतःच सुकत चाललाय, तो पृथ्वी काय वाचवणार?” असं म्हणायचे. वरच्यांनी माहितीपत्रकात फोटो छापता येतील म्हणून परवानगी दिली. चार हजार मुलं आणि समुपदेशक एकही नाही. जाहिरातीत तेवढा होता. सर प्रत्येक वही वाचायचे आणि लाल शाईने शेरा लिहायचे.

शिवांजली गोरखपूरकडची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शाळा हिंदीतली, इथे सगळं इंग्रजीत. वर्गात तोंड उघडायची नाही. वहीत मात्र पाठ्यपुस्तकातली शुद्ध हिंदी लिहायची. एका आठवड्यात तिने उजव्या पानावर दोनच वाक्यं लिहिली: ‘गए साल एक बार चेष्टा कर चुकी हूँ। डर लगता है, फिर न कर बैठूँ।’

नव्या मुलांची थट्टा केली तरी काढून टाकू, अशा नोटिसा तेव्हा भिंतीभिंतीवर होत्या. सरांना वाटलं, पोरीने कुणाची तरी गंमत केली असेल आणि आता घाबरली असेल. त्यांनी लिहिलं: ‘चेष्टा करने में क्या बुराई? मन हल्का होता है। फिर करो। डरो मत।’ शुक्रवारी वह्या परत दिल्या.

रविवारी दुपारी जेवताना समता उगाच आईची नक्कल करत होती. सर म्हणाले, “आईची चेष्टा करू नकोस.”

“आईची कोशिश? म्हणजे काय, बाबा?”

“कोशिश नाही गं, चेष्टा. मस्करी.”

“अच्छा! आमच्या हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. बिल्कुल वेगळं आहे, यार.”

सरांचा घास हातातच राहिला. रमाबाई सांगतात, त्यांनी ती दोन वाक्यं मोठ्याने म्हटली, पुन्हा म्हटली आणि उष्ट्या हाताने फोनकडे धावले. वसतिगृहाचा फोन कुणी उचलेना. रिक्षा करून ते तिथे पोचले, तेव्हा तिला सकाळीच दवाखान्यात नेल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं.

पोरगी वाचली. मला आजही त्या विद्यापीठाचा संताप येतो. ज्या कामाला शिकलेलं माणूस ठेवायला हवं होतं, ते त्यांनी एका भल्या म्हाताऱ्याच्या वह्यांवर फुकटात भागवलं. आणि मी? त्यांच्या हिंदीला हसण्याऐवजी कधी एखादा शब्द सुधारला असता, तर माझं काय बिघडलं असतं?

मंगळवारी त्यांनी मला दवाखान्यात सोबत नेलं, पुन्हा शब्द चुकायला नको म्हणून. तिचे वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. सर खाटेशी हात जोडून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. “तिला सांगा, आमच्यात त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. सांगा, मला तिने जगायलाच हवं होतं.”

मी हिंदीत सगळं सांगितलं. शिवांजलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता ती सरांना म्हणाली, “सर, मुझे लगा था, पूरे कैंपस में एक आप ही मेरी बात समझे।”

याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही.